विश्लेषण : इमारत संग्रहालयात कशी मांडतात? कोरियांचे नकाशे लंडनमध्ये, मग सिडकोचे काय?

चित्र भिंतीवर टांगता येते, शिल्प चौथऱ्यावर ठेवता येते. वास्तुविशारदाची इमारत मात्र दालनात आणता येत नाही. चार्ल्स कोरिया यांच्याबाबत ही अडचण आणखी वाढते, कारण त्यांच्या कामाचा गाभा भिंतींपेक्षा अंगण, गच्ची आणि वाऱ्यात आहे. तरीही त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले, तेही लंडनमध्ये. ते कशाच्या जोरावर उभे राहिले आणि छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत राहणाऱ्यांनी त्यात रस का घ्यावा?

कोरिया आणि सिडकोचा संबंध काय?

कोरिया यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबादचा. तेव्हा औरंगाबादही त्याच निजामी राज्यात होते. अमेरिकेत मिशिगन आणि एमआयटीत शिकून ते मुंबईत परतले. १९६५ मध्ये प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. त्यासाठी मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि सुरुवातीच्या वर्षांत कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद होते. याच सिडकोने पुढे आपल्याकडे ‘एन’ अक्षराचे सेक्टर वसवले. इथली घरे कोरियांनी आखलेली नाहीत, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. पण लहान भूखंड, कमी उत्पन्नाचे कुटुंब आणि ऐपतीनुसार वाढत जाणारे घर हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता.

लंडनमध्ये काय झाले?

कोरियांनी आपल्या कार्यालयातील सुमारे सहा हजार रेखाटने ‘रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स’ या संस्थेला देणगी दिली. संस्थेने २०१३ मध्ये त्यांचे प्रदर्शन भरवले. मांडणी डेव्हिड अजाये या नामवंत वास्तुविशारदाने केली. रेखाटने, प्रतिकृती, छायाचित्रे आणि चित्रफिती असे त्याचे स्वरूप होते. कार्यालयाने कागद जपले म्हणून प्रदर्शन झाले. कागद नसते तर मोठी छायाचित्रे लावून वेळ मारून न्यावी लागली असती, आणि छायाचित्रातून इमारत कशी सुचली हे कळत नाही. खोडलेल्या रेषेतून ते कळते.

मांडणीत तांत्रिक अडचण कोणती?

मुख्य अडचण प्रकाशाची. ट्रेसिंग पेपर आणि शाई उजेडाने खराब होतात, म्हणून कागदी वस्तूंसाठी साधारण ५० लक्स ही मर्यादा पाळतात. कार्यालयातील टेबलावर ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. म्हणजे ‘आकाशाला खुली जागा’ हा आयुष्यभराचा विचार असलेल्या माणसाचे काम अर्धवट अंधारात पाहावे लागते. त्यावर उपाय म्हणजे छेदचित्र आणि कापून आतून दाखवलेली प्रतिकृती. मुंबईतल्या ३२ सदनिकांच्या ‘कांचनजुंगा’ इमारतीचे दुमजली उंचीचे व्हरांडे एकात एक कसे बसवले आहेत, हे बाहेरून पाहून उमगत नाही. छेदात एका नजरेत उमगते.

बेलापूरचे घर कसे दाखवणार?

खरी कसोटी इथे आहे. ऐंशीच्या दशकात बेलापूरला कोरियांनी साधारण आठ मीटर बाजूच्या अंगणाभोवती सात घरे मांडली. असे तीन गट मिळून २१ घरांचे मोठे अंगण होते. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे गरीब आणि मध्यमवर्गीयाच्या जागेत फारसा फरक नाही. खर्च वाचवण्यासाठी शौचालये जोडीने बांधली. पण घरांच्या भिंती सामाईक ठेवल्या नाहीत. शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावे, हा हेतू.

आणि लोकांनी ते वाढवले. अनेकांनी मूळ कौलारू घर पाडून आरसीसीचे मजले चढवले. मग प्रदर्शनात १९८६ चे छायाचित्र लावायचे की आजचे? फक्त जुने लावले तर रहिवाशांनी कलाकृती बिघडवली, असा सूर निघतो. तो कोरियांच्या विचाराशीच विसंगत आहे. एकाच घराची जुनी आणि आजची प्रतिकृती शेजारी ठेवणे अधिक प्रामाणिक ठरेल. त्यात अंगणाचे काय झाले, हेही लपवता येणार नाही.

मूळ इमारतींना संरक्षण आहे का?

फारसे नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार स्मारक किमान १०० वर्षे जुने असावे लागते. स्वातंत्र्यानंतरची इमारत त्यात बसतच नाही. दिल्लीत राज रेवाल आणि महेंद्र राज यांचे १९७२ चे ‘हॉल ऑफ नेशन्स’ एप्रिल २०१७ मध्ये पाडले गेले. पाच वर्षांनी न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ संग्रहालयाने दक्षिण आशियाई वास्तुकलेच्या प्रदर्शनात त्याला मानाने स्थान दिले. पणजीत कोरियांच्या कला अकादमीत नूतनीकरण सुरू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या नाट्यगृहाचे छत कोसळले. पुण्यातील ‘आयुका’ मात्र वापरात आहे. वेरूळ ज्या काळ्या बेसॉल्टमध्ये कोरले, तोच दगड कोरियांनी तिथल्या भिंतींना वापरला.

संभाजीनगरला काय करता येईल?

सोनेरी महालात किंवा विद्यापीठाच्या इतिहास संग्रहालयात भर प्राचीन आणि मध्ययुगीन वस्तूंवर आहे. विसाव्या शतकातले शहर कसे घडले, हे सांगणारे दालन उभारायचे तर सुरुवात खर्चिक नाही. ‘मोमा’च्या प्रदर्शनातील प्रतिकृतीही कूपर युनियन या वास्तुकला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवल्या होत्या. आपल्याकडेही वास्तुकला महाविद्यालये आहेत. प्रश्न कागदांचा आहे. सेक्टरचे मूळ आराखडे, घरांच्या प्रकारांचे नकाशे, त्या काळची छायाचित्रे एकत्र करून स्कॅन करावी लागतील. लीजहोल्ड की फ्री होल्ड या वादापायी अनेक घरांत वाटपपत्र आणि लीज डीड अजून कपाटात जपून ठेवलेले आहे. जुन्या घरांवर मजले चढत असताना आतली मूळ रचना मोजून घ्यायला फार वर्षे उरलेली नाहीत.