परळची चिठ्ठी आणि घरचा उंबरठा

वडाळ्याहून नायगाव, भोईवाडा या वाटेने परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जायचे, तर अंतर अवघे तीन-चार किलोमीटर. आसाम-बिहारपासून आलेले रुग्ण ज्या दारासमोर पदपथावर पथारी पसरतात, ते दार वडाळ्यातील स्त्रीला बसच्या काही थांब्यांवर आहे. पण स्त्रीरोगतज्ज्ञाने तपासून ‘कर्करोगाची शंका, तातडीने दाखवावे’ अशी चिठ्ठी लिहून दिली की हेच अंतर एकाएकी दुस्तर होते. चिठ्ठी पर्समध्ये राहते, तेथून कपाटात साड्यांच्या घडीखाली जाते. घरात कोणाला कळत नाही आणि बाई पूर्ववत पोळ्या लाटीत राहते. रोगाशी लढण्याची पहिली आणि कित्येकदा सर्वांत मोलाची फेरी अशा रीतीने न लढताच गमावली जाते.

या चिठ्ठीचा अर्थ प्रथम नीट समजून घेतला पाहिजे. तातडीची चिठ्ठी म्हणजे रोगाचे निदान नव्हे. काही लक्षणे अशी असतात की त्यांचे कारण शोधल्यावाचून राहणे धोक्याचे ठरते, एवढाच तिचा अर्थ. पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे, दोन पाळ्यांच्या मधे किंवा पतिपत्नीसंबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, पोट सतत फुगलेले वाटणे व दोन घासांतच भरणे, ही ती लक्षणे. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झालेल्या स्त्रियांपैकी गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो तो साधारण दहांत एकीला. उरलेल्या नऊजणींच्या बाबतीत कारण बहुधा साधे असते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. अस्तराचा कर्करोग झालेल्या दहांपैकी नऊ स्त्रियांना रक्तस्रावाची ही सूचना मिळालेली असते. म्हणजे भीतीने गर्भगळीत होण्याचे कारण नाही, आणि ‘वयोमानाने होते असे’ म्हणून स्वस्थ बसण्याचेही नाही.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेत कर्करोगाच्या शंकेने पाठविलेल्या रुग्णाला दोन आठवड्यांत तज्ज्ञाची भेट मिळावी, असा दंडक अनेक वर्षे होता. ऑक्टोबर २०२३ पासून त्याच्या जागी २८ दिवसांत रुग्णाला ‘आहे’ की ‘नाही’ ते कळावे, हा निकष आला. तेथे अशा तातडीने पाठविलेल्या दहा जणांपैकी नऊंहून अधिकांना अखेर कर्करोग नसल्याचेच निष्पन्न होते. तरीही ती व्यवस्था प्रत्येकाला घाईने बोलावते, कारण उरलेल्या एकासाठी महिन्या-दोन महिन्यांचा विलंब फार मोठा ठरू शकतो. भारतात असा कालबद्ध दंडक घराघराच्या अंगवळणी पडलेला नाही. त्यामुळे चिठ्ठीची तारीख सांभाळण्याचे काम कुटुंबालाच अंगावर घ्यावे लागते.

कुटुंबाने ते घेतले नाही तर काय होते, याचे उत्तर मुंबईनेच जगाला दिले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मुंबईतील वीस वस्त्यांत, सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश असलेला एक दीर्घ अभ्यास हाती घेतला. दहावीपर्यंत शिकलेल्या साध्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन, सौम्य आम्ल लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहण्याची अल्पखर्ची तपासणी दहा वस्त्यांत करण्यात आली. उरलेल्या दहा वस्त्यांत ती झाली नाही, आणि त्यावरून पुढे नैतिकतेचा वादही उभा राहिला. तो वाद गैरलागू नव्हता. निष्कर्ष मात्र निःसंदिग्ध होता. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या या अभ्यासात तपासणी झालेल्या गटातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. रोगाचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. फरक पडला तो रोग लवकर हाती लागण्याने.

याच अभ्यासातला आणखी एक आकडा अधिक विचार करायला लावणारा आहे. बोलावलेल्या स्त्रियांपैकी ८९ टक्के तपासणीला आल्या. वस्तीतल्या बाईच्या आस्थेवर याहून मोठा विश्वासदर्शक ठराव कोणता? पण ज्यांच्या तपासणीत शंकास्पद आढळले आणि ज्यांना खात्रीच्या निदानासाठी पुढे बोलावले, त्यांतील सुमारे ७९ टक्केच रुग्णालयात पोहोचल्या. तपासणी विनामूल्य, सेविका ओळखीची, रुग्णालय शहरातच, आणि तरीही पाचांतील एक मधल्या वाटेवर गळाली. विज्ञानाने आपले काम केले होते. अडले ते चिठ्ठी मिळाल्यानंतरच्या वाटेवर, आणि ती वाट घराच्या उंबरठ्यापासून सुरू होते.

उंबरठ्यावर अडविणाऱ्या गोष्टी कोणत्या, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. ‘आषाढी होऊ दे, गणपती होऊ देत, मुलीची दहावी होऊ दे, मग पाहू’ हे शब्द बहुधा ती स्त्री स्वतःच उच्चारते, आणि घर ते सोयीस्करपणे मान्य करते. वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरापुढे आषाढीला रांगेत तासन्‌तास उभी राहणारी माउली स्वतःच्या देहासाठी परळच्या रांगेत उभी राहायला संकोचते. देहाची हेळसांड हा त्याग नाही आणि धर्म तर नाहीच. स्त्रीला गृहलक्ष्मी म्हणून मखरात बसवायचे आणि तिच्या दुखण्याचे नाव निघाले की खाली मान घालून ‘बायकांचे काहीतरी’ म्हणायचे, ही विसंगती संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने अधिक काळ पोसता कामा नये.

दुसरा अडसर संशयाचा. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एका विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गातून उद्भवतो. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही माहिती अर्धवट कानी पडली की काही घरांत स्त्रीच्या चारित्र्याचा पंचनामा सुरू होतो. वस्तुतः हा विषाणू इतका सर्वत्र आढळणारा आहे की वैवाहिक जीवन जगणाऱ्या बहुसंख्य स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात केव्हातरी गाठतोच. बहुतेकांचे शरीर तो आपोआप हुसकून लावते. ज्या थोड्यांच्या शरीरात तो टिकतो, तेथेही रोग व्हायला बहुधा दहा-वीस वर्षे लोटतात. त्यावरून कोणाचेही चारित्र्य ठरविणे हे अज्ञान तर आहेच, आजारी माणसावर केलेला अन्यायही आहे. हा कर्करोग एका ताटात जेवल्याने वा शेजारी निजल्याने पसरत नाही. तसेच गर्भाशयमुखाचा वा अस्तराचा तुकडा तपासणीसाठी काढल्याने रोग ‘चाळवतो’ ही समजूतही निराधार आहे. त्या तुकड्यावाचून खात्रीचे निदान होत नाही.

चिठ्ठी आणि निदान यांमधले दिवस मात्र खरोखरच कठीण असतात. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, मन सर्वांत वाईट तेच कल्पिते. ‘काही होत नाही, देवावर भरवसा ठेव’ एवढ्याने ते दिवस सरत नाहीत. श्रद्धेला कृतीची जोड लागते. पहिले म्हणजे ही गोष्ट घरात किमान एका विश्वासाच्या माणसाला त्याच दिवशी सांगावी. पती असो, लेक असो, जाऊ वा नणंद असो, ते माणूस रुग्णालयात बरोबर जाईल हे ठरवून टाकावे. रक्तस्राव केव्हापासून, किती, शेवटची पाळी कधी, चालू औषधे कोणती, माहेरी कोणाला स्तनाचा वा बीजांडकोशाचा कर्करोग होता का, हे एका कागदावर उतरवावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आवर्जून सांगावी. जुने अहवाल, आधारपत्र, शिधापत्रिका एका पिशवीत ठेवावीत. तपासताना स्त्री परिचारिका जवळ असावी, असे म्हणण्याचा स्त्रीला अधिकार आहे. सोनोग्राफी, दुर्बिणीतून गर्भाशयमुखाची पाहणी, तुकड्याची तपासणी यांपैकी काय होणार, दुखेल का, भूल देणार का आणि अहवाल किती दिवसांत मिळणार, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. पुढची तारीख लिहून घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. आठवडाभराच्या प्रतीक्षेने सहसा बिघडत नाही. मात्र रक्तस्राव अतोनात वाढला तर तारखेची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे.

कुटुंबाचे एक कर्तव्य याहून नाजूक आहे. ‘तिला सांगू नका, धसका घेईल,’ असे डॉक्टरांना बाहेर गाठून सांगणारे नातेवाईक प्रेमापोटीच बोलतात. परंतु देह तिचा, तपासणी तिची आणि निर्णयही तिचाच. जिने घरातील सर्वांची आजारपणे काढली, तिला स्वतःचे आजारपण पेलणार नाही असे गृहीत धरणे हा तिच्या धैर्याचा अवमान होय. डॉक्टरांनीही चिठ्ठी हातात ठेवताना दोन वाक्ये मराठीत समजावून सांगितली, शंका कशाची आणि घाई का, तर निम्मा अंधार तेथेच ओसरेल.

परळच्या या रुग्णालयाचा उगमही एका घराच्या दुःखात आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्या दुःखातून सुरू झालेल्या विचाराची परिणती २८ फेब्रुवारी १९४१ रोजी येथे रुग्णालय उघडण्यात झाली. पुढे त्याच परिसरात सेवेची परंपरा रुजली. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांनी परगावच्या रुग्णांना निवारा दिला. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आहे, रुग्णालयांत समाजसेवा विभाग आहेत. वडाळ्याच्या स्त्रीला निवाऱ्याची गरज नाही, तिला सोबत हवी आहे. प्रत्येक वसाहतीतील महिला मंडळाने, भजनी मंडळाने, गणेशोत्सव मंडळाने दोन-तीन जाणत्या भगिनींची नावे पुढे केली, ज्या अशा स्त्रीबरोबर परळला जातील, रांगेत उभ्या राहतील आणि तोंडाला कुलूप लावतील, तर हे सेवाकार्य एका रुपयाच्या निधीवाचून उभे राहील.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली गर्भाशयमुखाचा कर्करोग हद्दपार करण्याचे लक्ष्य जगापुढे ठेवले. २०३० पर्यंत नव्वद टक्के मुलींना पंधराव्या वर्षापूर्वी लस, सत्तर टक्के स्त्रियांची तपासणी आणि रोग आढळलेल्या नव्वद टक्के स्त्रियांवर उपचार. पुण्याच्या सीरम संस्थेची स्वदेशी लस जानेवारी २०२३ मध्ये सादर झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण लस उद्याच्या पिढीचे रक्षण करील. आज ज्या स्त्रीच्या कपाटात चिठ्ठी पडून आहे, तिचे रक्षण घरातल्या माणसांनाच करायचे आहे. ती चिठ्ठी साड्यांखालून काढून घरातल्या कालनिर्णयाशेजारी, सर्वांना दिसेल अशी टांगावी आणि तीवरची तारीख सणासारखी पाळावी.