ट्रंकेतला स्वेटर

मागच्या नोव्हेंबरात धाकट्या भावाला दिल्लीत नोकरी लागली, तेव्हा आई म्हणाली, "बाबांचा राखाडी स्वेटर काढ गं, त्याला होईल." मेरिनो लोकरीचा, आईने १९९८ साली स्वतः विणलेला. बाबा गेल्यापासून तो माझ्याकडेच होता. ट्रंकेतून काढून झटकला, तर छातीवर वाटाण्याएवढी तीन भोके! कसर लागली होती. आईने त्यावरून हात फिरवला आणि एवढेच विचारले, "धुऊन ठेवला होतास ना?"

नव्हता. महाबळेश्वरला एकदाच घातला होता. चहाचे थेंब सांडले, ते पुसले आणि घडी घालून ठेवून दिला.

मुंबई-पुण्याकडे स्वेटर अंगावर झिजत नाही. वर्षातले दहा-अकरा महिने तो पेटीत असतो आणि तिथेच संपतो. कपाटात भिरभिरणारा तो बारीक, पिवळसर पतंग काही खात नाही. खाते ती त्याची अळी. तिला घामाचे, तेलाचे, खाण्याचे डाग लागलेली लोकर विशेष आवडते. म्हणून भोके पडतात ती गळ्याशी, काखेत, नाहीतर माझ्यासारखीच्या घरी चहाच्या डागावर. एकदाच घातलेला स्वेटरसुद्धा धुऊनच ठेवायचा, तो यासाठी.

पण धुण्यातही मेरिनो नाजूकच. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ. तिची घोंगडी पाऊस झेलते, पण अंगाला टोचते. मेरिनोचा तंतू साधारण २० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या निम्म्याहूनही बारीक. म्हणून तो टोचत नाही. या तंतूवर माशाच्या अंगावर असतात तसे सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि घासाघीस झाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटते. काश्मीरचा नमदा याच गुणावर तयार होतो. स्वेटरचा नमदा झाला, तर मात्र तो पुन्हा सैल होत नाही.

तेव्हा पाणी जेमतेम कोमट घ्या. रिठ्याचे पाणी किंवा लोकरीसाठी मिळणारा सौम्य साबण वापरा. रोजच्या पावडरीत बहुधा प्रथिनांचे डाग काढणारी विकरे असतात, आणि लोकर स्वतःच प्रथिन आहे! ब्लीच तर लोकर विरघळवते. स्वेटर पाण्यात हलके दाबावा; चोळू नये, पिळू नये. दोन्ही हातांनी खालून उचलून टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि सावलीत खाटेवर पसरून वाळवावा. दोरीवर टांगला की पाण्याच्या वजनाने बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. मशीनमध्ये चालेल असे लेबल असेल, तर त्या लोकरीवर तशी प्रक्रिया केलेली असते. मग लेबलावर लिहिले आहे तसेच करा.

ठेवताना पूर्ण कोरडा, जुन्या सुती धोतरात किंवा साडीत बांधून ठेवा. कडुलिंबाच्या पाल्यावर विसंबू नका. डांबराच्या गोळ्या बाळाच्या कपड्यांत तर कधीच ठेवू नका. काही बाळांमध्ये जन्मतःच एका विकराची कमतरता असते आणि त्या वासाने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कसरीचा संशय आला, तर स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा.

टिकाऊपणाचा अर्धा भाग मात्र विणतानाच ठरतो. दुकानात फार मऊ, फुगीर, सैल विणीचा स्वेटर हाती आला की मोह होतो, पण लोकरीचे गोळे त्यावरच आधी येतात. दोन-तीन पदरी, चांगला पीळ असलेली लोकर आणि दाट वीण पाहावी. बॉर्डर ताणून सोडावी. लगेच मूळ जागी आली पाहिजे. आईची एक पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. ती बाही खांद्याशी टाके उचलून वरून खाली विणायची. मनगट विरले की तेवढेच उसवून पुन्हा विणता येते. कोपराला लोकरीबरोबर त्याच रंगाचा बारीक नायलॉनचा धागाही घ्यायची.

रफूला लोकर कुठून आणायची, या विवंचनेत मी होते. आईने कपाटातून छोटी लडी काढून दिली. स्वेटर विणून उरलेली लोकर तिने जपली होती आणि स्वेटर तिच्याकडे असेपर्यंत दर वेळी त्याच्याबरोबर धुतली होती. रंग हुबेहूब जुळला. संधिवातामुळे आता तिला सुई धरवत नाही. ती शेजारी बसून सांगत गेली, मी टाके भरले. तीनपैकी एक भोक अजून ओळखू येते.

स्वेटर भावाबरोबर दिल्लीला गेला, उरलेली लडी त्याच्या खिशात. मार्चमध्ये तो धुतल्याशिवाय पेटीत गेला, तर मी स्वतः दिल्लीला येईन, असे त्याला बजावले आहे.