हवा फुकट नसते!

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतून जाताना एखाद्या शेडमागून येणारी काँप्रेसरची धडधड तुम्ही ऐकली असेल. ‘हवेला कुठे पैसे पडतात?’ असे आपण सहज म्हणून जातो. माझे मत उलट आहे. दाबलेली हवा ही विजेसारखीच हिशेबाने वापरण्याची वस्तू आहे. शुष्क बर्फाने सफाई करणाऱ्या यंत्राचेच उदाहरण घ्या.

शुष्क बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डाय-ऑक्साइड. त्याचे तापमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस. तांदळाएवढे त्याचे दाणे हवेच्या झोताबरोबर टायरच्या साच्यावर आदळतात. मळ गारठून तडकतो, दाण्यांचा वायू होतो आणि साचा न झिजता स्वच्छ होतो. मात्र दाण्यांना वेग देते ती हवा. मध्यम आकाराच्या यंत्राला ५ ते ७ बार दाबाने, मिनिटाला सुमारे ३ घनमीटर हवा लागते.

आता समजा, एका लहान वर्कशॉपात ५ अश्वशक्तीचा काँप्रेसर आणि २५० लिटरची टाकी आहे. काटा ७ बार दाखवतो. मालकाला वाटते, दाब आहे, मग अडचण कसली? चला, गणित मांडू. दाब ७ वरून ५ बारवर येईपर्यंत टाकीतून बाहेरच्या दाबाला मोजलेली ५०० लिटर हवा निघते. यंत्र सेकंदाला ५० लिटर घेते. काँप्रेसर जेमतेम ८ लिटर भरतो. म्हणजे सुमारे १२ सेकंदांत झोत मंदावणार! या कामाला २५ ते ३० अश्वशक्तीचा काँप्रेसर हवा. काटा दाब सांगतो, पुरवठा सांगत नाही.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. पावसाळ्यात २५ अंशांना बाष्पाने संपृक्त झालेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. तासाला १८० घनमीटर हवा ओढली, की तिच्याबरोबर ४ लिटर पाणी आले! दाबलेली हवा थंड होताना त्यातले बरेच पाणी टाकीत साचते. उरलेले बाष्प शुष्क बर्फाला भेटताच गोठते, दाणे एकमेकांना चिकटतात आणि नोझल तुंबते. म्हणून हवा कोरडी करणारा ड्रायर ही चैन नव्हे.

शिवाय यंत्राला हवा देताना कामगाराची हवा विसरून चालणार नाही. कार्बन डाय-ऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. बंद खोलीत तो साचला, तर माणूस गुदमरू शकतो. तेथे वायुवीजन हवेच.

शिक्षकांनो, बॉइलचा नियम फळ्यावर शिकवून थांबू नका. मुलांना एकदा काँप्रेसरची खोली दाखवा. आणि मुलांनो, तेथे तीन प्रश्न जरूर विचारा : हवा मिनिटाला किती, दाब किती आणि ती कोरडी किती? यंत्र विकत घेण्यापूर्वी हे प्रश्न विचारणारा मालक पुढचे नुकसान टाळतो.