शोध नायिकेचा की लेखिकेचा?

हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी नायिका यमूच्या तोंडून सांगितली. १८९३ साली ती पुस्तकरूपात आली आणि मराठीतली अव्वल सामाजिक कादंबरी ठरली. पुरुषाने बाईचा ‘मी’ लिहिला, तर ती प्रतिभा. हाच ‘मी’ बाईने लिहिला की आपण त्यात तिचे चरित्र शोधू लागतो.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि गदारोळ उठला. विभावरी शिरूरकर या टोपणनावाआड कोण दडले आहे, याचीच उत्सुकता. त्या होत्या हिंगण्याला महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्या गदारोळात त्यांचे खरे म्हणणे बाजूलाच पडले. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे संग्रहातल्या एका कथेचे नुसते नाव वाचले तरी पुरे. मुलगी शिकली, कमावती झाली, पण तिच्या कमाईवर चालणारे घर तिचे नाही आणि स्वतःचे घर मांडायचे तर माहेरचे कसे निभायचे, हा पेच. शिक्षणाने नोकरी मिळाली, पण पगारावर हक्क सांगायचा म्हटले की संस्कार आडवे आले.

‘एकेक पान गळावया’ (१९८०) लिहिणाऱ्या गौरी देशपांडे या त्याच कर्व्यांची नात. त्यांच्या नायिकांना पैशाची विवंचना नाही, देशांतर त्यांच्या अंगवळणी पडले आहे; तरी प्रेमात, लग्नात आपले आपण किती उरतो, हे त्यांना पुन्हा पुन्हा ताडून पाहावे लागते. आणि दशक सरता सरता ‘सहावं बोट’ (१९८८) घेऊन आलेल्या उर्मिला पवारांनी दाखवून दिले की या साऱ्या शोधात जात गृहीतच धरली होती. बाजारात आंबे विकणाऱ्या त्यांच्या कथेतल्या बाईला द्वयर्थी शेरे मारणाऱ्या गिऱ्हाइकाशी जागच्या जागी दोन हात करावे लागतात. स्वत्व म्हणजे काय, याचा निवांत विचार करायला तिला माजघर नाही.

म्हणून या प्रवासाला पायऱ्यापायऱ्यांची प्रगती म्हणणे भाबडेपणाचे आहे. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीच्या मोकळेपणातली फट दाखवली. लेखिकेच्या आयुष्यात डोकावणे सोपे असते, कारण त्यात वाचकाला स्वतःच्या घराकडे पाहावे लागत नाही. बाळूताईंचा हिशेब मात्र आपल्याच घरातला आहे: पगार तिचा, मग घर कुणाच्या नावावर?