हुसेन खान कोण होता?

ब्रिटिश अमदानीतल्या लष्करी डॉक्टरांची चरित्रे शोधणे तसे सोपे आहे. क्रॉफर्ड यांनी १९३० साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या डॉक्टरांची नामावलीच छापली. जन्म, शिक्षण, नेमणूक, बढती, सारे तीत मिळते.

त्याच सेवेतल्या रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले. १९०२ साली त्यांना नोबेल मिळाले. पण ते डास ज्याला चावले होते, तो होता हुसेन खान नावाचा हिवतापाचा रुग्ण. एका डासामागे त्याला एक आणा मिळाला. पुढे कलकत्त्यात रॉस यांच्या हाताखाली महंमद बक्ष राबला. रॉस यांनी लिहून ठेवले, म्हणून ही नावे आपल्याला कळली.

साहेबांची चरित्रे आम्ही वाचतो ती अशा नावांसाठीही. वाचकहो, आपल्याही आजोबा-पणजोबांपैकी कुणी दवाखान्यात कंपाउंडर, ड्रेसर किंवा वॉर्डबॉय असेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. नाव, गाव, साल वहीत उतरवून ठेवा. आपल्या माणसांची नामावली आपल्यालाच करावी लागेल.