बोजाऱ्याला वडापाव

2025 साली 23 ऑगस्टला, शनिवारी, सकाळी सकाळी नागपूरहून बहिणीच्या धाकट्याचा व्हिडिओ कॉल आला. "मावशी, पाहा ना, माझ्या नंदीची झूल!" धोतर, फेटा, कपाळावर गंध, आणि हातातल्या दोरीला वीतभर उंचीचा लाकडी बैल. चार चाकं, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. मी पाहतच राहिले. फोन ठेवला तर आमच्या सांताक्रूझच्या सोसायटीच्या ग्रुपवर निरोप येऊन पडलेला: आज जागतिक वडापाव दिन, संध्याकाळी गच्चीवर कोण कोण?

एकाच तारखेला माझं माहेर खेळण्याचा सण करत होतं आणि सासर खाण्याचा. त्या वर्षी पोळा 22 ऑगस्टला आला, म्हणून हे जुळून आलं.

मुंबईत जन्मलेल्यांना तान्हा पोळा सांगावा लागतो. श्रावणातल्या अमावास्येला मोठ्या बैलांचा पोळा. दुसऱ्या दिवशी विदर्भात लेकरांचा, लाकडी बैलांचा. तो तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांच्या काळापासून ही रीत चालत आल्याचं आमच्याकडे सांगतात. मुलं आपापला नंदी सजवतात, तोरणाखाली रांगेत उभे करतात, मग दोरी धरून घरोघर फिरतात. दारात बाई ताट घेऊन येते, नंदीच्या पायावर पाणी घालते, कुंकू लावते, ओवाळते आणि मुलाच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवते. त्याला बोजारा म्हणायचं. मी सात वर्षांची असताना मला एका दारातून दोन रुपयांचा बोजारा मिळाला होता, ते दार मी आजही दाखवीन.

ज्या घरी ना शेत आहे ना गोठा, त्या घरच्या पोरालाही त्या दिवशी बैलाचा मालक होता येतं, ही या सणाची मला सगळ्यात आवडती गोष्ट. खेळण्याची इतक्या मनापासून पूजा करणारा दुसरा दिवस मला माहीत नाही.

जगात आता असे हौशी दिवस पुष्कळ झालेत. सरकारी सुट्टी नाही, पंचांगात नोंद नाही, तरी लोक ते पाळतात. 28 जानेवारीला लेगोचा दिवस असतो, कारण 1958 साली त्या तारखेला त्या विटांच्या पेटंटसाठी अर्ज झाला. 6 जूनला अमेरिकेत यो-यो फिरवतात. ज्या डंकननी ते खेळणं तिकडे घरोघर पोचवलं त्यांचा तो वाढदिवस. 30 मार्चचा इडली दिन चेन्नईच्या इनियवन या इडलीवाल्यांनी 2015 पासून सुरू केला. बंगालमध्ये 14 नोव्हेंबरला रसगुल्ल्याचा दिवस करतात, कारण 2017 साली त्या तारखेला बंगालच्या रसगुल्ल्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

हे ऐकून काही जण नाक मुरडतात. मला मात्र हे आपलंच वाटतं. संक्रांत तिळगुळाची, होळी पुरणपोळीची, गुढीपाडवा श्रीखंडाचा, चतुर्थी मोदकाची. पदार्थाच्या नावाने दिवस ओळखायची सवय आपल्याला पिढ्यान् पिढ्या आहे.

वडापाव दिनाची तारीख मात्र देवाधर्माची नाही. 2001 साली 23 ऑगस्टला मालाड स्टेशनबाहेर वडापाव विकणाऱ्या जम्बोकिंग या कंपनीचं पहिलं दुकान उघडलं, त्यावरून हा दिवस पडला. वडापावची जन्मकथा त्याच्या कितीतरी आधीची. अशोक वैद्य यांनी 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर वड्याची गाडी लावली. शेजारी ऑम्लेट-पाववाला होता, त्याच्याकडचा पाव घेऊन त्यांनी वडा आत घातला, असं सांगितलं जातं.

आता गंमत बघा. सांताक्रूझहून चर्चगेटच्या दिशेने मोजलं तर खार, बांद्रा, माहीम, माटुंगा रोड, आणि पाचवं दादर. बोरिवलीच्या दिशेने पार्ले, अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव, आणि पाचवं मालाड असायचं. जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मध्ये राममंदिर स्टेशन झालं ते 2016 साली. तोपर्यंत वडापावचं जन्मगाव आणि वडापाव दिनाचं जन्मगाव यांच्या बरोबर मध्यावर आमचं सांताक्रूझ होतं. कुलाबा आणि सांताक्रूझ ही दोन नावं मुंबईकर पावसाच्या आकड्यांसाठी ऐकतो. वडापावच्या नकाशावरही आम्हाला जागा आहे, हे मी आता सगळ्यांना सांगते.

नावातही नातं आहे. सांताक्रूझ म्हणजे पवित्र क्रूस, शब्द पोर्तुगीज. पाव पोर्तुगीज. बटाटाही पोर्तुगीजांकडूनच आला, आणि मिरची त्यांच्याच जहाजांतून. डाळीचं पीठ, लसूण, हळद आणि फोडणीची मोहरी आपली. वड्याचा घास घेताना चारशे-पाचशे वर्षं एकदम तोंडात येतात.

त्या दिवशी संध्याकाळी सांताक्रूझ पूर्वेला वडापावच्या गाडीवर गेले तेव्हा घाणा नुकताच कढईत पडला होता. वडेवाल्या काकांचा हात मी नेहमी बघते. ते सारणाचा गोळा डाव्या तळहातावर किंचित चपटा करतात, तीन बोटांनी पिठात बुडवतात, आणि तेलात टाकताना मनगट असं फिरवतात की बोटांवरचं पीठ धारेने बाजूला पडतं आणि त्याचाच चुरा होतो. वडा फुगून वर येतो, काका झाऱ्याने त्याला एकदाच उलटतात. बोटांनी पाव उघडतात, आधी लसणीची सुकी लाल चटणी दाबतात, मग वडा. आणि अंगठ्याने मधोमध एक दाब. त्या दाबाने वडा पावात बसतो आणि वाफ बाहेर येते. तो दाब नसेल तर ते नुसते दोन पदार्थ शेजारी शेजारी राहतात.

"आज वडापाव दिन आहे काका," मी म्हटलं.

"आमचा रोजच असतो, ताई," ते म्हणाले, आणि एक मिरची जास्त ठेवली.

त्यांचे वडील गिरणीत होते. 1982 चा संप लांबत गेला तेव्हा त्यांच्या घरासारख्या कितीतरी घरांत शेगडी आणि कढई हाच पगार झाला. तारीख एका कंपनीच्या वाढदिवसाची आहे याबद्दल माझी तक्रार नाही. कुणीतरी दिवस ठरवला म्हणून तर निदान चर्चा होते. पण मी तो दिवस पाळते तो त्या कढयांसाठी.

एक गोष्ट मला त्या गाडीवर उभं राहूनच सुचली. वडापावला दिवसाची तशी गरज नाही. सहा वाजले की भूक लागते आणि गाडीभोवती माणसं जमतात. खेळण्याचं तसं नसतं. भोवरा, सागरगोटे, भातुकली, लाकडी बैल ही सगळी कुणाचीतरी वाट बघत कपाटात पडून राहतात. त्यांना सोबती लागतो, रिकामी जमीन लागते, आणि आमच्या सोसायटीत जमिनीवर गाड्या लावलेल्या असतात. भोवऱ्याला जाळी कशी गुंडाळायची, खालच्या आरीपासून वर घट्ट फेरे कसे घ्यायचे, शेवटचं टोक बोटात कसं अडकवायचं, हे हाताने हाताला दाखवावं लागतं. पुस्तकात वाचून भोवरा फिरत नाही. दाखवणारा हात एक पिढी थांबला की संपलं. म्हणून दिवस हवा तो खेळण्याला. प्रदर्शनात काचेमागे ठेवायला नव्हे, दोरी बांधून दारोदार हिंडवायला. विदर्भाने ते करून ठेवलंय.

माझा नंदी माळ्यावर होता. लग्नात आईने भांड्यांच्या पेटीत ठेवून दिलेला, एका शिंगाचं टोक उडालेलं, डावं पुढचं चाक कुरकुरणारं. चाकाला खोबरेल तेल लावलं, जुन्या ब्लाऊजपीसची झूल केली, शिंगांना चॉकलेटची चांदी गुंडाळली. शेजारच्या चौथीतल्या मुलीला हाक मारली.

"काकी, हा कुठे न्यायचा?"

"प्रत्येक दारात. बेल वाजवायची आणि म्हणायचं, नंदी आलाय, बोजारा द्या."

तिने तो शब्द दोनदा घोळवला. पहिल्या दाराशी ती लाजली, दुसऱ्या दाराशी तिचा भाऊ येऊन मिळाला, तिसऱ्या मजल्यापर्यंत सहा मुलं झाली. दोरीवरून भांडण झालं, मग प्रत्येक मजल्याला एकाने धरायची असं त्यांनीच ठरवलं. चाक घरंगळताना घुंगरू वाजत होतं आणि आवाज जिन्यात घुमत होता. दारं उघडत गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या मंगळूरच्या आजींनी काहीही न विचारता कुंकू आणलं. चौथ्या मजल्यावरच्या डिसोझा आंटींनी नंदीच्या पाठीवरून हात फिरवला.

सुटे पैसे मात्र कुणाकडेच नव्हते, सगळ्यांचे पैसे फोनमध्ये. मुलं रिकाम्या हातांनी गच्चीवर पोचली. तिथे वर्तमानपत्रावर चाळीस वडापाव मांडले होते, काकांच्या गाडीवरचे, अजून गरम. मी एकेक उचलून प्रत्येकाच्या हातावर ठेवला.

"हा बोजारा?" चौथीतल्या मुलीने विचारलं.

"हा बोजारा."

तिने आपल्यातला चुरा चिमटीत घेतला, वाकली आणि नंदीच्या तोंडाशी धरला.