काचबिंदूचे औषध चांदूर रेल्वे येथेच दरमहा मिळण्याबाबत व मधुमेहींच्या डोळ्यांच्या तपासणीबाबत निवेदन

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी महोदय,

मोतीबिंदूने अधू झालेली नजर शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकते. आधी कडेचे दिसेनासे होते, समोरचे मात्र बराच काळ स्पष्ट राहते. बहुतेकांना काही दुखत नाही, म्हणून रुग्ण दवाखान्यात येत नाही. बाजूने आलेली मोटारसायकल दिसली नाही म्हणून धडक बसते, तेव्हा कुठे शंका येते. मधुमेहातही तसेच घडते. डोळ्याच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागल्या तरी सुरुवातीला वाचता येते, शेतात जाता येते. दोन्ही आजारांत वेळेवर उपचार मिळाले तरच नजर टिकते.

हे प्रशासनास नव्याने सांगण्याची गरज नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. तरीही चांदूर रेल्वे तालुक्यात डोळ्यांचे शिबिर म्हणजे मोतीबिंदूचे शिबिर, हेच चालत आले आहे. ज्याला काचबिंदू निघतो त्याच्या हाती चिठ्ठी दिली जाते आणि अमरावती किंवा सेवाग्रामचा रस्ता दाखवला जातो.

सर्वांत मोठी तक्रार औषधाची आहे. काचबिंदूचे ड्रॉप जन्मभर टाकावे लागतात, एक दिवसही न चुकता. लॅटानोप्रॉस्टची बाटली २.५ मिलीलीटरची असते. दोन्ही डोळ्यांत रोज रात्री एकेक थेंब टाकल्यास ती जेमतेम महिना पुरते. हात कापणाऱ्या वृद्धाचे दोन-तीन थेंब गालावर ओघळतात आणि त्याची बाटली विसाव्या-बाविसाव्या दिवशीच संपते. साठा करून ठेवावा तर उघडलेली बाटली चार ते सहा आठवड्यांनंतर वापरायची नसते, आणि बऱ्याच कंपन्यांची न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत वऱ्हाडात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अमरावतीहून सुमारे ३० किलोमीटर एसटीने, कापडी पिशवीतून आणलेले हे औषध घरी पोहोचेपर्यंत कितपत कामाचे राहत असेल, याचा विचार व्हावा. ज्याच्या घरी फ्रिज नाही त्याने ते कुठे ठेवावे, हेही कोणी सांगत नाही.

पूर्वीच्या निवेदनांवर ‘साठा मागवला आहे, पुढच्या महिन्यात येईल’ असे तोंडी सांगण्यात आले. त्यानंतर सोयाबीनची सोंगणी झाली, कापसाची वेचणी झाली. औषध आले नाही. पुन्हा विचारणा केल्यावर पुन्हा तेच उत्तर मिळाले. मधल्या काळात ज्यांना परवडले त्यांनी मेडिकलमधून बाटली घेतली, बाकीच्यांचे औषध बंद पडले. त्या खंडात सुकलेली नस कोणत्याही पुरवठ्याने भरून येणार नाही. लॅटानोप्रॉस्ट नसेल तेव्हा टिमोलोल देऊन वेळ निभावणेही धोक्याचे आहे. दमा असलेल्या किंवा नाडी मंद असलेल्या रुग्णाला ते बाधू शकते. म्हणून दोन्ही औषधांचा साठा तालुक्याच्या ठिकाणी, थंड जागेत, दर महिन्याच्या ठरलेल्या वारी उपलब्ध असावा आणि हात कापणाऱ्या रुग्णांना जादा बाटली मिळावी.

मधुमेहींची साखर व रक्तदाब मोजला जातो, डोळ्याचा पडदा पाहिला जात नाही. तपासणीच्या त्याच दिवशी पडद्याचा फोटो काढण्याची सोय करावी. फोटो प्रशिक्षित कर्मचारी काढू शकतो आणि तज्ज्ञ तो दूरवरूनही पाहू शकतो. प्रौढ वयात मधुमेह कळला की लगेच आणि नंतर दरवर्षी ही तपासणी व्हावी. मधुमेही गर्भवतींची पहिल्या तीन महिन्यांतच व्हावी. बाहुली मोठी करणारे औषध टाकल्यावर काही तास धूसर दिसते, तेव्हा सोबत माणूस आणण्याची सूचना आधीच द्यावी. लेझरची गरज निघाल्यास रुग्णाला नुसती चिठ्ठी न देता तारीख ठरवून पाठवावे. याबाबतही ‘कॅमेरा येणार आहे’ असे आश्वासन मिळालेले आहे.

काचबिंदूच्या रुग्णांच्या भावंडांचा व मुलांचा डोळ्यांचा दाब तपासावा. लाल डोळा, तीव्र वेदना, उलटी आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसणे हे ‘पित्त’ समजून परत पाठवू नये; तो तातडीचा काचबिंदू असू शकतो. चिठ्ठीविना स्टिरॉइडचे ड्रॉप विकले जाऊ नयेत. शिबिराच्या पत्रकात ‘चांदूर रेल्वे’ असे पूर्ण नाव असावे, जिल्ह्यात चांदूर बाजारही आहे.

औषध कोणत्या तारखेपासून, कोणत्या वारी आणि कोणत्या खिडकीवर मिळेल, एवढे लेखी कळवावे, ही नम्र विनंती. तोंडी आश्वासनावर ही मागणी आता मागे घेतली जाणार नाही.

आपले विनीत,
काचबिंदू व मधुमेहाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक,
तालुका चांदूर रेल्वे, जिल्हा अमरावती